अवसेला दुमडलेला उरेब झगा

२० एप्रिल, रविवार

आधी सगळ्यांची खुशाली. मेधाचा खोकला गेला. जावईबापूंची कंबर पुन्हा धरली — इथं सिंगापुरात तुआसच्या कारखान्यात दिवसभर उभं राहायचं म्हणजे! माझे गुडघे, आहेत तसे. नात मात्र वाळत चाललीय. चिमणीएवढं जेवते जाई. विचारलं की, "परीक्षा आहे ना, आजी." फॅशनच्या कॉलेजात आहे. मे महिन्यात एक झगा शिवून दाखवायचाय — मादलेन व्हिओने नावाच्या जुन्या फ्रेंच बाईंच्या पद्धतीनं.

२२ एप्रिल

आज जाईनं त्या व्हिओनेबाईंची सगळी कहाणी सांगितली. अकरा-बारा वर्षांची पोर शिवणकामाला लावली. तान्ही लेक गेली. संसार मोडला. लंडनला जाऊन शिवत राहिली. मग पॅरिसात स्वतःचं दुकान — की लगेच लढाई, दुकान बंद. पुन्हा उघडलं! लाकडाच्या छोट्या बाहुलीवर कापड गुंडाळून बेतायची, आणि कापायची उरेब. तिरकं!

मी डोंबिवलीत इतकी वर्षं शिवणक्लास चालवला, तोही पुस्तकं बघून शिकून. उरेब म्हणजे गळ्याची पट्टी, माझी धाव तेवढीच. अख्खा झगा तिरका?

"मग तो अंगावरून पाण्यासारखा उतरतो, आजी!"

बोलताना पोरीच्या तोंडावर रंग आला. किती दिवसांनी!

दुसऱ्या लढाईच्या तोंडावर बाईंनी दुकान कायमचं मिटलं. पुढं अठ्ठ्याण्णव वर्षांच्या होईस्तोवर जगल्या. एवढं आयुष्य रिकाम्या हातांनी काढायचं... मला नको सांगायला. सिंगापुरात आल्यापासून तेच करतेय.

२५ एप्रिल

जाईच्या झग्याच्या बाजूच्या शिवणी मी मारल्या. "तू नसतीस तर झालंच नसतं, आजी." खोटारडी! पण बरं वाटलं.

२७ एप्रिल, अवस

झगा हँगरला लावून जाई बाहेर गेली. फक्त तळ दुमडायचा राहिला होता. अर्धं शिवलेलं वस्त्र अवसेला टांगतं ठेवू नये — सासूबाईंची शिस्त, क्लासातही पाळली. खाली काढला. वाढीव कापड कापलं, तळ दुमडला, बारीक टाके घातले आणि मगच पुन्हा टांगला. पोरीचं तेवढंच ओझं हलकं.

२८ एप्रिल

देवा, काय करून बसले! उरेब कापड म्हणे स्वतःच्या वजनानं लोंबतं. टांगून ठेवून आधी पुरतं उतरू द्यायचं, मगच तळ कापायचा. जाईनं त्यासाठीच टांगला होता! सकाळी बघते तर झगा एकीकडे खाली, एकीकडे वर. कापड उरलेलं नाही. करायला गेले गणपती, झाला मारुती.

ओरडली असती तर बरं झालं असतं. "इट्स ओके लाह, आजी." एवढंच. मग झगा मांडीवर घेऊन फरशीवर बसली आणि आवाज न करता रडली. मला जवळ जायचा धीर झाला नाही.

३० एप्रिल

जाई कादंबरी नावाच्या मैत्रिणीकडे राहायला गेली. झगा इथंच टाकून. आज अक्षय्य तृतीया. पुरण घातलं, कुणी शिवलं नाही.

"आई, तुला कुणी सांगितलं होतं गं हात लावायला?" मेधा म्हणाली.

खरंच. कुणी?

१ मे

फोन उचलत नाही. पोरीचं वर्ष माझ्या हातानं गेलं.

२ मे

माझ्या आईची चूक झाली, जाईला चार दिवस वाढवून द्या, म्हणायला मेधा आज कॉलेजात गेली होती. तिथली बाई म्हणाली, जाईनं फेब्रुवारीतच कॉलेजातून नाव काढून घेतलंय. परीक्षा नव्हतीच!

शेवटी मेधानं कादंबरीच्या फोनवरून जाईला गाठलं. जाई म्हणाली, "कॉलेजमध्ये मला काहीच जमत नव्हतं, मम्मा. काहीच नको वाटायचं. आजीशेजारी शिवायला बसले की तेवढा वेळ जगावंसं वाटायचं."

मेधा चप्पल घालून तडक तिकडे निघालीय. मला फोनवर नीट टाइप करता येत नाही, म्हणून इथं आधी लिहून बघते —

जाई, बाळा, जेवलीस का? मला बाकी काही विचारायचं नाही. एक ओळ लिही. लगेच लिही.