गुरू आत सरकतो

५ ऑक्टोबर
शुभदा दिवाळीला येणार. जर्मनीहून. तसं ती म्हणालेली नाही, पण न येऊन जाते कुठे? दर दिवाळीला इथे इंदुरीत हजर. बापाची ओढ! तिची आई, सविता, गेल्यानंतरची ही पहिली दिवाळी, त्यामुळे मी खंबीर राहायचं ठरवलं आहे. उद्यापासून सकाळी फिरायला जायचं. वरची खोली रंगवायची.

६ ऑक्टोबर
फिरायला गेलो नाही. ढग होते.
शुभदाचा रिसर्च पेपर वाचला. मी नोकरीभर वाचलेल्या देहूरोड डेपोतल्या फायलींपेक्षा अवघड इंग्लिश. तरी मुद्दा कळला. गुरूसारखे मोठे ग्रह ताऱ्यापासून लांब, बर्फाळ भागात तयार होतात आणि मग हळूहळू आत सरकतात. म्हणजे पोरीने आमच्या घरावरच पीएचडी केली. तारा कोण, हे वेगळं सांगायला नको.

१२ ऑक्टोबर, रविवार
ज्येष्ठ नागरिक संघात माझं व्याख्यान, ‘गुरू ग्रहाचे स्थलांतर’. तुफान गर्दी. निम्मे लोक पत्रिका घेऊन आलेले. केरबाआबांनी विचारलं, गुरू सरकल्यावर नातीचं लगीन औंदा जमंल का न्हाई. मी शास्त्रीय खुलासा केला. ते म्हणाले, मग चा तरी पाजा. एकूण व्याख्यान यशस्वी.

१५ ऑक्टोबर
खोली रंगवली. फिकट निळी. सविताच्या साड्यांचं कपाट हलवावंसं वाटेना, तेवढी भिंत सोडली. रडलो नाही. रंगाचा वास डोळ्यांत जातो.

१७ ऑक्टोबर
शुभदाचा फोन. सुट्टी नाही म्हणाली. मी म्हटलं, हरकत नाही, ग्रहाला आत यायला वेळ लागतोच. ती हसली. मग समजावलं, की तारा ग्रहाला आत आणत नाही, नुसता आपल्याभोवती फिरवत ठेवतो. आत आणतो तो सुरुवातीला भोवती पसरलेला वायू. तो विरला की ग्रह असेल तिथेच थांबतो.
मी विचारलं, ताऱ्याने अजून जोर लावला तर? ती म्हणाली, बाबा, तुम्ही जेवलात का?

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन
यंदा घरात फराळ करायचा नाही, म्हणून शेजारच्या चिमाबाई डबा देऊन गेल्या. पोरगी न्हाई आली व्हय, म्हणाल्या. कामात आहे म्हटलं.
ती आईसाठी यायची. विमानतळावरून पहिला फोन आईला. वरच्या खोलीत दोघी खिदळायच्या, मी खाली बातम्या लावून बसायचो आणि आवाज कमी करा म्हणायचो. मला सविताची फार आठवण येते. दोघींचीही येते.
दुपारी मीच फोन केला. नुसतं ‘ये’ म्हणायचं होतं, सविता म्हणायची तसं.
तिकडे हवा कशी आहे, ते विचारलं.