कोणता राजीनामा

अण्णा, आज गंधवानीहून आलेल्या एका बाईंनी मला विचारलं, "साब, ये राजीनामा है क्या?" त्यांचा नवरा आत मशीनवर आहे. देवासच्या या दवाखान्यात माझं काम एवढंच, की डॉक्टरांना ज्या रुग्णाला अभ्यासात घ्यायचं असेल त्याच्या माणसांना कागद वाचून दाखवायचा, समजावायचा आणि सही घ्यायची. श्वास पुरत नाही अशा माणसाला घट्ट मास्कमधून हवा द्यावी, की नाकातल्या नळ्यांतून गरम, दमट ऑक्सिजन जोरात सोडावा, यातलं बरं काय ते अजून कोणाला नक्की सांगता येत नाही. म्हणून बंद लिफाफा उघडतात आणि आत जे लिहिलेलं असेल ते लावतात. तुमच्या वेळचाच प्रश्न आहे, मशीन तेवढी नवी आली. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "इससे बच जाएँगे?" मी म्हणालो, "पता नहीं. यही पता करना है." मग त्यांनी तो शब्द विचारला. मी म्हणालो, "सहमति पत्र है." "वही तो," त्या म्हणाल्या आणि अंगठा पुढे केला.

धारला तुम्ही कचेरीबाहेर टाइपरायटर घेऊन बसायचात. लोकांचे अर्ज लिहायचात आणि त्यांतले कितीतरी राजीनामे असायचे. भांडण मिटलं, दोन्ही पक्ष राजी, त्याचा कागद. घरी आपल्या मराठीत त्याच शब्दाचा अर्थ नोकरी सोडणं. मी चौथीत असेन. आई तव्यावर थालीपीठ लावते आहे, तुम्ही पाटावर जेवताय, आणि मी बाहेरून येऊन सांगतो की समोरच्या दोघा भावांचा राजीनामा झाला. "अगबाई, दोघांनी एकदम नोकरी सोडली?" आई म्हणते आणि हसत सुटते. तुम्ही हसत नाही. "शब्द उचललास तर आधी विचार, कोणत्या घरचा," तुम्ही म्हणता. आवाज चढवला नव्हता, तरी मला रडू आलं होतं. पुढे तो घरातला रिवाजच झाला. कोणीही तो शब्द उच्चारला की वर्तमानपत्राआडून तुमचा प्रश्न यायचा, "कोणता?" उत्तर 'कचेरीतला' किंवा 'घरातला' असं द्यावं लागे. एकदा स्वयंपाकाला कंटाळून आई म्हणाली, "आजपासून माझा राजीनामा." तुम्ही म्हणालात, "कोणता?" "घरातला. आणि जेवण कचेरीत मिळेल." त्या दिवशी मात्र तुम्ही हसलात.

तुम्हाला धारहून इथे आणलं त्याला अकरा वर्षं झाली. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून तुम्ही सारखे झोपेत जात होतात, म्हणून डॉक्टर माझ्याशी बोलले. नीट बोलले. मी नाही म्हणालो तरी उपचार होतील, म्हणाले. मी तुमच्या वतीने सही केली. लिफाफ्यात मास्क निघाला. दुपारपर्यंत तुम्हाला जाग आली. गालांवर पट्ट्या आवळलेल्या, नाकाच्या हाडावर लाल वळ, मशीन हवा ढकलतं आणि तुमची छाती वर येते. बोलता येत नाही. तेवढ्यात कागद गोळा करणारा माणूस दारात उभा राहून, तुमच्याकडे बोट दाखवत मला मोठ्याने विचारतो, "भिया, दादा का राजीनामा दे दिया ना?" "दे दिया," मी म्हणतो.

तुम्ही माझ्याकडे बघता. मग बोटांनी पेन मागता. एक्स-रेच्या पाकिटावर वाकड्या अक्षरांत एकच शब्द लिहिता. कोणता?

मी तुमच्या कानाशी वाकलो. "मास्कवाला, अण्णा. लिफाफ्यात मास्क निघाला."

तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, कामाचा दिवस संपल्यावर लावायचात तसं, आणि पेन माझ्या हातात दिलंत. पुन्हा मागितलं नाहीत. तिसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही गेलात. तो अभ्यासही पुढे बंद पडला, पुरेसे रुग्ण मिळाले नाहीत म्हणून. तुमच्या त्या तीन दिवसांच्या श्वासांवरून कोणाला काही कळलं नाही.

आईला मी सांगितलं, अण्णांनी शेवटी विचारलं की कोणतं मशीन लागलं. "शेवटपर्यंत चौकस माणूस," ती म्हणाली, आणि स्वतः जाईपर्यंत भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत राहिली. त्या डॉक्टरांना पुढे कागद समजावून सांगणारा माणूस हवा होता, मी लागलो. तुमचाच धंदा म्हणायचा. फक्त तो एक शब्द मी तोंडून काढत नाही.

हे मी रद्द झालेल्या फॉर्मांच्या पाठीवर लिहितो आहे. जुन्या प्रती संध्याकाळी यंत्रात घालून कातरायच्या असतात, त्यांत हेही जाईल. बाई बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांच्या नवऱ्याला नळ्या निघाल्या. अच्छा निकला क्या, त्यांनी विचारलं. दोनों बराबर हैं, मी म्हणालो. त्यांचा नवरा आज रात्र काढेल असं आत कोणालाच वाटत नाही.

तुमचा प्रश्न मला तेव्हाच कळला होता. 'कचेरीतला' एवढा एकच शब्द म्हणायचा होता, आणि तो तोंडातून निघेना. त्या दिवशी सकाळी, सहीच्या आधी, मी धामनोदला माझ्या नोकरीच्या जागी फोन करून सांगितलं होतं, तेरावं धरून पंधरा दिवस लागतील, त्यानंतर कामावर येतो.