नावाला यमक

१५ जानेवारी १९५२

शनिवारी पहाटे धुक्यात दादाचा मिठाचा मचवा खाडीत उलटला. सुकाणूवरचा तांडेल पोहत आला. दादा नाही. अजून शोध चालू आहे. काल संक्रांत होती, घरात तीळ भाजले नाहीत.

आणि मी आज शाळेत गेले! आईच म्हणाली, "घरात बसून तू काय करशील? परीक्षा हाय ना? जा." त्र्यंबक मास्तरांनी अलंकार काढले होते. उपमेचं उदाहरण विचारलं. मी उभी राहून म्हणाले, "खाडीचं पाणी आरशासारखं." मास्तर म्हणाले, "शाबास!"

शाबास! घरी येऊन जेवले नाही.

१६ जानेवारी

वहिनी दिवसभर किनाऱ्यावर असते. मीही गेले. गडी होड्यांतून "विश्रामऽऽ" अशा हाका घालत होते. ती मात्र "अवो! अवो!" एवढंच. नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? घसा बसला तरी तेच — "अवो!" कुणाचाही नवरा ओ देईल अशी हाक.

१७ जानेवारी

ठमाआत्या ठाण्याहून आली. ओट्यावर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "आजून कपालाला कुकू? लोका काय बोलतील?" वहिनी म्हणाली, "बघितल्याबिगर पुसनार नाय." आईनं पदर तोंडात धरला. बाबा उठून गेले.

रात्री वहिनी माझ्या अंथरुणाशी आली. "मनू, तू शिकलेली. मना उखाना करून दे. रविवारी आवडाबाईकडं हळदीकुंकू हाय. मी नाव घेनार, सगल्यांसमोर. मंग कोन पुसतं बघू!"

मी हो म्हणाले. का म्हणाले?

१८ जानेवारी

आज शाळेत यमक. चरणाच्या शेवटी तीच अक्षरं पुन्हा यावी लागतात. सोपं आहे. मी हे केलं —

शिडात भरला वारा, मचव्यानं घेतली धाव,
विश्रामरावांचं घेते मी सुवासिनींत नाव.

वहिनी म्हणाली, "मचवा नको गो." मी लगेच खोडलं. लाज वाटली. माणूस पाण्यात आणि मी धाव-नाव जुळवत बसले!

मास्तरांना विचारलं, जे खरं नाही ते कवितेत लिहिलं तर पाप लागतं का? म्हणाले, "अतिशयोक्ती हा अलंकार आहे, पोरी. खोटं नव्हे." पण मी कविता कुठे करतेय?

१९ जानेवारी

तिळाला मिळाला गूळ, चुलीला मिळाली आच,
विश्रामराव घरी येतील, माझी वाट पाहणं साच.

"येतील" लिहिताना हात थांबला होता. वहिनीनं तासाभरात पाठ केलं. भाकऱ्या थापताना म्हणत होती. किती दिवसांनी तिनं भाकरी खाल्ली!

२० जानेवारी

आवडाबाईकडे आम्ही दोघी शिरलो आणि बायका बोलायच्या थांबल्या. वहिनीनं कुणी म्हणायची वाट पाहिली नाही. उभी राहिली आणि नाव घेतलं. स्पष्ट, न अडखळता. एरवी हसतात, चिडवतात — कुणी हसलं नाही. आवडाबाई करंडा धरून तशीच उभी. शेवटी हौसाबाई म्हातारी उठली. "आन इकडं तो करंडा. नाव घेतलंय पोरीनं." आणि तिनं वहिनीला कुंकू लावलं.

परतताना वहिनी म्हणाली, "बघितलंस? तुज्या अक्षरांनी लावलं."

ती माझ्या यमकाच्या आधारानं उभी आहे. खाली काही नाही.

२२ जानेवारी

मुंब्र्याच्या बाजूला एक देह लागला. बाबा, वहिनी आणि मी गेलो. तोंड ओळखण्यासारखं नव्हतं. दंडावर दादाचाच ताईत होता. बाबा खाली बसले. हवालदारानं विचारलं, "नाव काय मयताचं?" वहिनीला सांगता यायचं नाही म्हणून मी तोंड उघडलं. तिनं माझा हात दाबला. स्वतः म्हणाली —

"विश्राम."

एवढंच. पुढे ओळ नव्हती.