नाव बदलताना वाचणारा

प्रिय शंकेखोर,

मंगळवारी दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझं कॉम्प्युटरचं मशीन मेलं आणि माझं सगळं बदललं. मी इतक्या जोरात ओरडलो की खालच्या लाँड्रीतल्या मावशी हातात इस्त्री घेऊनच वर आल्या. म्हणाल्या, मशीन बिघडलं की लग्न ठरलं? मशीन बिघडलं, मावशी, अगदी हवं तसं बिघडलं, असं म्हणून मी त्यांचे हात धरून गदागदा हलवले, इस्त्रीसकट. ह्याला कुणीतरी आवरा रे, म्हणत त्या खाली गेल्या.

फोन करायचा नाही असं तू बजावलं होतंस. पत्राबद्दल काही बोलली नव्हतीस, म्हणून हे. फाडू नकोस. निदान वहीचा विषय येईपर्यंत तरी वाच.

मंगळवारची सुट्टी सोडली तर दिवसा मी एका दुकानात राउटर दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात कर्नलमधल्या बारीकसारीक चुका. आईला अजून वाटतं की मी फौजेतल्या कुणा कर्नलच्या हाताखाली आहे. शेजाऱ्यांना ती तसंच सांगते, मीही मोडता घालत नाही. मशीनच्या पोटातला हा मूळ प्रोग्राम जगभरातली माणसं मिळून सांभाळतात आणि त्याच्या एकेका भागाला एक राखणदार असतो, हे मी तुला सांगायला नकोच. आमच्या भागाच्या राखणदार बाई फार कडक. वर्षभर त्यांनी माझ्या दुरुस्त्या परत पाठवल्या, अगदी एका स्वल्पविरामासाठीसुद्धा. आणि सोमवारी त्यांचीच मेल! कर्नलमधल्या एखाद्या वस्तूचं, जसं नेटवर्क कार्डाचं, नाव बदलताना मशीन बंद पडतं, त्यावर कुणीतरी दुरुस्ती पाठवली आहे, ती तू तपासशील का? मी! कॉलेजच्या तिसऱ्या वर्षातून उठून गेलेला मी! 'नाव बदलताना' एवढं वाचून मात्र तो दिवस आठवला. तुलाही आठवला असेल आत्ता.

प्रोजेक्ट दाखवायचा तो दिवस. सर खुर्ची ओढून बसलेले, मागे अख्खा वर्ग. तू नेटवर्क कार्डाला नवं नाव दिलंस, एंटर दाबलंस आणि पडदा गोठला. मी सगळ्यांदेखत तुझ्यावर खेकसलो, काय दाबलंस तू, एक काम धड होत नाही तुझ्याच्यानं! सर म्हणाले, दोघांचंही काम कच्चं आहे, पुढच्या वर्षी या. मग तू ज्याला कुकर म्हणायचीस त्या माझी जी शिट्टी झाली ती तीन मजल्यांनी ऐकली. दार आपटून जो गेलो तो गेलोच. तू जिन्यापर्यंत मागे आली होतीस. मी वळून पाहिलं नाही.

तर ती दुरुस्ती मी चार वेळा वाचली. चूक अशी, की नाव बदललं रे बदललं की कर्नल जुनं नाव फेकून देतो. पण नेमकं तेव्हाच दुसरं कुणी ते जुनं नाव वाचत असेल तर त्याच्या हाती कचरा येतो आणि सगळंच कोसळतं. दुरुस्ती करणाऱ्याने नाव बदलण्याच्या जागेला कडी घातली होती, एका वेळी एकानेच बदलायचं. छान. पण वाचणारा त्या कडीपाशी थांबतोय कशाला! मी तावातावाने लिहिलं, ही दुरुस्ती नव्हे, मलमपट्टी आहे. मग खोडलं, आणि शहाण्यासारखं लिहिलं: पण समजा, नाव बदलताना कुणी तेच नाव वाचत असेल तर?

लिहिलं आणि थबकलो. हे वाक्य माझं नव्हतंच. कपाटातून आपली प्रोजेक्टची वही काढली. हो, मीच नेली होती. आदल्या दिवसाच्या पानावर तुझ्या पेन्सिलीने हेच वाक्य, शब्दन् शब्द, भोवती गोल. खाली माझ्या पेनाने, 'पुरे गं तुझ्या शंका!' मग मी ती दुरुस्ती घातलेल्या मशीनवर एका खिडकीत नाव बदलायला लावलं आणि दुसऱ्या खिडकीत नावांची यादी वाचायला. तीन वाजून दहा मिनिटं. तोच गोठलेला पडदा, तीच शेवटची ओळ.

मावशी खाली गेल्यावर आठवलं. त्या दिवशीही दुसरी खिडकी उघडी होती. नवं नाव सरांना पहिल्यांदा मीच दाखवावं म्हणून मी माझ्या लॅपटॉपवरून त्या मशीनवरच्या नावांची यादी सारखी सारखी मागवत होतो. नाव तू बदलत होतीस. वाचत मी होतो. तुझं बोट चुकलंच नव्हतं गं. मलाच दम नव्हता.

दुरुस्ती करणाऱ्याला तुझी शंका पटली. आता जुनं नाव लगेच टाकत नाहीत, शेवटचा वाचणारा बाहेर पडेपर्यंत सांभाळतात. कालपासून मशीनने दहा लाख वेळा नाव बदललंय आणि ते ढिम्म आहे! 'चांगलं तपासलंस,' बाईंनी कळवलं. छापून भिंतीवर लावणार आहे.

पण त्यांनी हेही विचारलं, की ही शंका मुळात कुणाची? मी लिहिलं, दोन वर्षांपूर्वी एका मैत्रिणीने काढली होती. 'मैत्रीण' हा शब्द तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिला. मग त्या म्हणाल्या, चूक प्रथम दाखवणारी म्हणून तिचं नाव दुरुस्तीखाली कायमचं राहील, पण तिची परवानगी हवी, उद्या दुपारी बाराच्या आत. म्हणून हे पत्र. म्हणजे, तेवढ्यासाठीच नाही. गेल्या आठवड्यात तुझा दादा भेटला. तुझं ठरतंय म्हणाला. ठरतंय की ठरलंय, ते धड ऐकलंच नाही, कान नुसते तापले. तर, नाव कोणतं लिहू? बदलणार असेल तर नवं सांग. तसंच लिहीन, काना-मात्रा चुकणार नाही, आणि शिट्टीही होणार नाही. पण ठरलं नसेल, तर त्या जिन्यात वळून पाहायचं राहिलंय, ते मला आज पाहू दे. ज्या लॅबमध्ये तू आता शिकवतेस, तिथे पाऊल ठेवणार नाही अशी शपथ घेतली होती. ती मोडतोय. हे पत्र तुझ्या हातात देईन आणि दाराशी गप्प उभा राहीन. तू सांगेपर्यंत मी जुनंच नाव धरून आहे.

तुझाच,
कुकर

ता. क. वहीपण आणतोय. मशीन चालूच ठेवलंय, नावं बदलू दे त्याला. निघालो. दार ओढून घेतोय, आपटत नाहीये.