तिसऱ्या तुलनेसाठी आजारी पडण्यातून सूट मिळणेबाबत

प्रति,
मा. वैद्यकीय खर्च मंजुरी अधिकारी,
मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

विषय : दम्याच्या पंपाला जोड द्यावयाच्या औषधांच्या तिसऱ्या तुलनेसाठी पुन्हा आजारी पडण्यातून सूट मिळणेबाबत.
संदर्भ : ‘तिन्हींची तुलना केल्याशिवाय मंजुरी नाही’ हे आपले पत्र.

महोदय,

सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार तळमजल्यावरील सुनावणी दालनाबाहेर पुकारा करणारा शिपाई असून त्यास जुना दमा आहे. नाव तीनदा पुकारूनही पक्षकार आला नाही, तर निकाल त्याच्या गैरहजेरीत लागतो. नुसत्या स्टेरॉइडच्या पंपाने भागेना, तेव्हा छातीच्या डॉक्टरांनी श्वासनळ्या जास्त वेळ मोकळ्या ठेवणारे औषधही असलेला जोडपंप दिला. अर्जदार बरा झाला. चूक तेथेच झाली.

२. आपल्या शाखेत साधी खुर्ची घ्यायची तरी तीन नमुने पाहतात. औषधालाही तोच नियम लागला : जोडपंप, रात्रीची गोळी आणि स्टेरॉइडची वाढीव मात्रा. तुलना निष्पक्ष व्हावी म्हणून प्रत्येक वेळी आधीचे औषध बंद करून अर्जदाराने ‘मूळ स्थितीत’ यावे, असे आपण कळविले. डॉक्टर म्हणाले, “बऱ्या माणसाला आजारी पाडायचं मला कुणी शिकवलेलं नाही.” हा अभिप्राय अपूर्ण ठरून परत आला.

३. अर्जदार शिस्तीचा असल्याने मूळ स्थितीत आला. त्या अवस्थेत एका म्हातारीचे नाव तिन्ही वेळा निम्मेच बाहेर पडले, उरलेले खोकल्यात गेले. ती समोरच्याच बाकावर होती. निकाल तिच्या गैरहजेरीत लागला. “मी तर इथंच होते रे बाबा,” एवढेच ती म्हणाली. अर्जदारास याचे फार वाईट वाटते. तुलनेच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

४. गोळीने थोडा आराम पडला, पण जिना चढताना छाती वाजायची ती वाजतच राहिली. अखेर अर्जदाराच्या पत्नीने जोडपंप पुन्हा हातात ठेवला. “श्वास तुमचा जातो नि तक्ता त्यांचा भरतो. पुरे झालं आता.” सबब अर्जदार सध्या बरा आहे, त्याबद्दल दिलगीर आहे.

५. तरीही तिसरी तुलना आवश्यकच असल्यास अर्जदाराची ना नाही. फक्त नम्रपणे निदर्शनास आणण्यात येते की, आपण ठरविलेल्या ‘मूळ स्थिती’च्याच आठवड्यात महोदयांच्या स्वतःच्या अडलेल्या बढतीची सुनावणी आमच्या दालनात आहे. पुकारा अर्जदारच करील. महोदयांचे नाव बरेच लांब आहे.

तरी जोडपंपास त्यापूर्वी मंजुरी मिळावी, ही विनंती.

आपला नम्र व तूर्त श्वास घेणारा,
(सही)
पुकारा शिपाई, सुनावणी दालन
दिनांक : चालू महिन्याची आठ तारीख

सोबत : डॉक्टरांचा परत आलेला अभिप्राय, दोन रकाने भरलेला तक्ता.