वांग्याची थोबाडीत

मेहरूण, जळगाव

आदरणीय मेहुणे श्री. रुपचंदभाऊ यांस,

पितांबर याचा उभ्याउभ्याच नमस्कार स्वीकारावा. गुडघा वाकत नाही. वाकत असता तर वाकलो असतो, असेही नाही. धुळ्यात आपला दमा, सौ. ताईबाईंची कंबर आणि गच्चीवरील गळकी टाकी या तिन्हींची प्रकृती कळवावी.

माझी नात पुनम येथील महाविद्यालयात चित्रपट करावयास शिकते, हे आपणांस ठाऊक आहेच. यंदा परीक्षेसाठी त्यांना अकरा मिनिटांचा चित्रपट करावयाचा होता व त्यातील आवाज हा तिचा विषय. आवाज चित्राबरोबर आपसूक येतो, त्यात शिकावयाचे काय, असे मी विचारले. त्यावर ती म्हणाली की चित्रपटातला बहुतेक आवाज मागाहून तयार करून चिकटवतात. (मी चौथीच्या परीक्षेत तालुक्यात तिसरा आलो होतो. खोट्या साक्षीला माझ्या घरात थारा नाही.) तरीही मुख्य भूमिका मलाच देण्यात आली. कथा अशी की एक म्हातारा दिवसभर घरात काहीही न करता बसतो आणि दारी आलेल्या भंगारवाल्याच्या थोबाडीत मारतो. या भूमिकेसाठी त्यांना मीच का सुचलो, याची चौकशी मी केलेली नाही.

सर्वप्रथम शांतता ध्वनिमुद्रित करण्यात आली. होय, शांतता. पंखा बंद, फ्रीज बंद, आणि पुनमच्या हाती काठीच्या टोकाला खारीसारखा केसाळ माइक. पहिल्या शांततेत माझा गुडघा वाजला, दुसरीत शेजारच्या झुलालचा कुकर. तिसरी उत्तम साधली, तोवर फ्रीजमधले दूध नासले होते. मग तिला तीही पसंत पडेना, म्हणून ती आत्याकडे नरडाण्याला गेली. भाऊ, नरडाण्यास लोक नोकरीसाठी जातात, रेल्वेसाठी जातात. शांतता आणावयास गेलेली आमचीच पहिली.

भंगारवाला झाला होता तिच्या वर्गातला भूषण. "खरी मारा, आबा," असे तो स्वमुखाने म्हणाला, म्हणून मी खरी मारली. त्याच्या खिशातला मोबाइल कोपऱ्यात जाऊन पडला. कानाला यंत्र लावून ऐकतात तो काय, ओला टॉवेल तारेवर टाकावा तसा आवाज! तेव्हा पुनमने बामणोदची तीन किलो वांगी आणून भाजली आणि ठेचावयास घेतली. भरीत ठेचावयाची लाकडी बडगी घरात नसल्याने (ती कोठे आहे, हे आपण जाणता) प्रथम स्टीलच्या परातीत ठेचली. तेव्हा भंगारवाला स्वतःच भंगाराचा बनलेला असावा असे वाटले. मग लाकडी पाटावर फडक्यात गुंडाळून मारली. त्या वांग्याची थोबाडीत अशी काही उमटली की माझाच हात गालाकडे गेला. आपला गाल फुकट गेला, अशी तक्रार भूषण अद्याप करतो. तीन किलो वांग्यांवर कांद्याची पातही पडली नाही, याची नोंद असावी.

चित्रपट महाविद्यालयाच्या सभागृहात दाखविला. मी कोट घालून पहिल्या रांगेत, शेजारी बाहेरगावचे परीक्षक. "आबा, फक्त बोलू नका," एवढीच पुनमची विनंती होती. तिचे गुण त्यावर अवलंबून होते, म्हणून मी शब्द दिला. पडद्यावर म्हातारा बसलेला. नरडाण्याची शांतता खरोखर अव्वल निघाली. आणि त्या शांततेत, पाठीमागून, बडगीच्या कडेवर मुसळाचे दोन ठोके पडले.

आपली बहीण आपणांस ठाऊक आहे. सेहेचाळीस वर्षांत कोकिळेने माझे नाव घेतले नाही, की कधी 'अहो' म्हणून हाक मारली नाही. भरीत झाले की दोन ठोके.

मी उठलो. "उनू वं, उनू," म्हणजे आलो गं, आलो, असे मोठ्याने म्हणालो, आणि तेही शुद्ध मराठीत नव्हे, अहिराणीत. बाह्या सारून, हात धुण्यासाठी अंधारात निघालो तो परीक्षकांच्या पायावर पाय. दिवे लागले. कोणीही हसले नाही, याचे मला अधिक वाईट वाटले. पुनम धावत आली आणि हळूच म्हणाली, "आबा, ती बडगी नव्हती. भंगारवाला दार ठोकतो ना, त्यासाठी पाटावर भूषणचा क्रिकेटचा स्टंप आपटला होता." गुडघ्यात कळ आल्यामुळे उठलो, असे मी तिला सांगितले.

असो. चार वर्षांपूर्वी, कोकिळेच्या सुतकाअखेर गंधमुक्तीच्या दिवशी, या घरात यापुढे भरीत होणार नाही, असे सर्व भाऊबंदांदेखत सांगून बडगी व मुसळ मीच आपल्या हवाली केले. दिलेली वस्तू परत मागणे माझ्या स्वभावात नाही. तथापि पुनमच्या शिक्षकांना तुलनेसाठी खरा ठोका हवा आहे. तरी आठ दिवसांपुरती ती द्यावी.

आपला,
पितांबर

ता. क. : पत्र पाकिटात घालताना निकाल कळला. पुनमला शंभरात एक्याण्णव. पायवाल्या परीक्षकांनीच अधिक दिले म्हणतात. सबब शिक्षकांना आता काहीही नको आहे.

पुन्हा ता. क. : वास्तविक त्यांना आधीही नको होते. बडगी तरीही आणावी, आणि आठ दिवस हा शब्द खोडला असे समजावे. एसटीच्या पार्सलने न धाडता स्वतः घेऊन यावे, वांगी मी आणून ठेवतो. फक्त ती गोधडीत नीट गुंडाळावी. वाटेत कोठे वाजली, तर मी इथून उठेन.