घोडीला कुलूप

११ जून १९७९

काल जतला अब्रू गेली. गिटारीची दांडी दाबली, तारा ढिल्या पडल्या. दांडी सोडली — तारा परत जागेवर येतील तर शपथ! पुढचं अख्खं गाणं मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं. पुढच्या रांगेतला एक पटकेवाला ओरडला, "आरं, त्येला तेल पाजा कुणीतरी!" सगळं मैदान हसलं. आणि दादासो? अ‍ॅकॉर्डियनची पेटी पोटाशी धरून, मान खाली घालून तोही हसला. मी बघितलं.

गिटार जुनी आहे, मान्य. चौसष्ट साली पुण्यात एका गोवेकराकडनं घेतली तेव्हाच ती जुनी होती. पण खोट काय एकट्या गिटारीत आहे? दादासोची पेटीच बेसूर आहे. वर्ष झालं मी बोंबलतोय. तो माझ्या डाव्या हाताला बसतो, मला सगळं ऐकू येतं. बाकीच्यांना कान आहेत कुठं!

१२ जून

हंबीररावांकडं गेलो. ऑर्केस्ट्रा त्यांचा, म्हणून शेवटचा शब्दही त्यांचा. म्हटलं, दादासोला तरी ठेवा, नाहीतर मला. पान थुंकून आले आणि म्हणाले, "तो म्हणतो तुमची गिटार उतरलेली, तुमी म्हणता त्येची पेटी. मी काय दोघांची नाडी बघत बसू? गणपतीच्या सातव्या दिवशी सांगलीत मोठा कार्यक्रम हाय. तवर गिटार नीट करा. त्या दिवशी जो बेसूर, तो घरी."

पंधरा वर्षं मी या पार्टीत काढली. हा दादासो म्हसवडकर फौजेच्या बँडातनं परवा आला. आणि माझी परीक्षा!

ठीक आहे. घ्या परीक्षा.

२४ जून

मेहुणा आकाराम बोटीवर फिटर आहे, रजेवर आलाय. परदेशी मासिकाचं एक पान घडी करून आणलंय त्यानं. गिटारीच्या तारांना चक्क कुलूप! मानेपाशी एक पट्टी बोल्टनं आवळायची, खाली तारा ज्यावर टेकतात त्या ब्रिजमध्येही तारेचं टोक चिमट्यात धरायचं. दोन्ही टोकं जखडली की दांडी कितीही हलवा, तार सरकायला जागाच नाही. ब्रिज दोन स्क्रूंवर तोललेला, मागनं स्प्रिंगा त्याला ओढून धरतात.

हे एकदा बसवलं की माझी गिटार उतरायचं कारणच संपलं. मग बेसूर कोण ते शेंबडं पोरही सांगेल.

लीला म्हणाली, "आवं, त्यापेक्षा दादासोभावजींशी नीट बोला की एकदा." बायकोसुद्धा त्याच्याकडनं!

३ जुलै

मिरज. सतारमेकर गल्लीत याकूबमियाँ. सगळे म्हणतात हाताला जादू आहे. तोंडाला मात्र विष आहे. पान उलटंसुलटं बघितलं आणि म्हणाले, "आवं मानसिंगराव, तार म्हंजे काय बैल हाय व्हय, दाव्याला बांधायला?"

मी म्हटलं, जमतं की नाही तेवढं सांगा.

"आमच्या घरात चार पिढ्या घोड्या बसवत्यात." ब्रिजला ते घोडी म्हणतात. "पण तुमच्या घोडीला खोगीर न्हाई, बेड्या पायजेत."

करतो म्हणाले. उपकार केल्यासारखं!

१९ जुलै

आज गिटारीचं पोट कोरलं. स्प्रिंगांना जागा हवी म्हणून पाठीमागनं आरपार. पटाशी बसली. "जरा हळू!" म्हणालो तर मियाँनी पटाशी माझ्यापुढं धरली — "घ्या, तुमीच करा."

हात बांधलेले असले की माणसाला कुणाचंही ऐकावं लागतं.

३० जुलै

रमजान सुरू. मियाँ रोजा धरून काम करतात, दुपारी आडवे होतात. माझी तारीख काय त्यांच्यासाठी थांबणार आहे? पट्टी आणि बोल्ट एका लेथवाल्याकडनं घडवून घेतलेत. स्प्रिंगा जुन्या ताणकाट्यांतनं काढल्यात, भंगारातल्या! एक तार चढवली की बाकीच्या पाच उतरतात. त्यांना चढवा, पहिली बिघडते. मी चिडलो. मियाँ म्हणतात, "तारा हिकडं वढत्यात, स्प्रिंगा तिकडं. दोघांचं जमेपत्तोर घोडी ठरायची न्हाई. घाई करू नगा."

घाई करू नगा! नोकरीला रोज दांडी मारून मी यायचं.

९ ऑगस्ट

आज माझा तोल सुटला.

गिटार लावली, तार छेडली — झंऽऽ! सतार! मियाँनी माझ्या लोखंडी ब्रिजला कानशीनं घासून घासून जवारी काढली होती. सतारीच्या घोडीला काढतात तसा उतार, तार त्याला चाटून गुणगुणावी म्हणून. आणि चेहरा असा की आता मी पाया पडणार.

"हे काय करून ठेवलंत?"

"मुकी होती. बोलती केली."

"मला मुकीच हवी होती!"

लय बोललो. म्हातारचळ, गावंढळ, काय काय. पाण्याचा घोटही नव्हता त्यांच्या पोटात. मियाँनी तशीच कानस घेतली आणि जवारी घासून काढायला बसले.

१० ऑगस्ट

गेलो नाही. लाज वाटली म्हणून नव्हे. पाऊस होता.

१८ ऑगस्ट

गेलो तर पुढ्यात कोण? दादासो! मांडी घालून, पेटी काढून. याकूबमियाँनी त्याला बोलावून घेऊन त्याच्या पेटीवरनं माझी गिटार लावलेली. माझ्या पाठीमागं! दादासो उठला, म्हणाला, "मियाँनी निरोप धाडला म्हनून आलो, मानसिंगराव." मी दाराकडं बोट केलं. तो गेला.

मियाँनी गिटार छातीशी धरली आणि तीच तार छेडत माझ्याभोवती फिरायला लागले. "आता? आन् आता? आता कशी वाटती?" मी कधी बरी म्हटलं, कधी उतरली म्हटलं. कुणाचं डोकं आहे त्या खेळात! म्हटलं, सरळ चढवा थोडी.

चढवली नाही. चार दिवस तारा ताणून मुरवल्यात म्हणाले, पट्टी आवळली आणि बोल्टची चावी खिशात टाकली.

"चावी द्या."

"कार्यक्रम झाला की न्ह्या."

"गिटार माझी आहे!"

"आन् लावनी माझी हाय. न्हाईतर ठिवून जावा गिटार हितंच."

चोर आहे चोर.

२१ ऑगस्ट

पक्कडीनं बोल्ट फिरवून बघितले. खोल बसवलेत. पक्कड आत जात नाही. चिमटा गेला, वाकला. खुंट्या पिरगाळल्या तरी तार ढिम्म. दादासोच्या मापानं कापलेले कपडे घालून मी बाजारात फिरायचं!

२ सप्टेंबर

काल कार्यक्रम झाला.

दांडी दाबली, सोडली, पुन्हा दाबली. तारा जिथल्या तिथं. बोल्ट चोख बसलेत, तेवढं मियाँचं खरं. पण पहिल्या सुरापासनं डाव्या बाजूनं दादासोची पेटी कानात खिळ्यासारखी! दोन तास दात ओठ खाऊन वाजवलं.

संपल्यावर हंबीरराव विंगेत आले, माझा खांदा धरला. "गड्या, पंधरा वर्षांत असं वाजलं न्हाई! दोघंबी सुरात. दोघंबी ऱ्हावा." थट्टा करतात काय माझी? मी सगळ्यांसमोर सांगितलं — दादासो बेसूर आहे. तुम्ही सगळे बहिरे आहात. फौजेनं याला हाकललं असेल तेही याच्यासाठीच. हा राहणार असेल तर मी नाही.

दादासोनं पट्टे सोडले, पेटी खोक्यात ठेवली. "तुमचं पंधरा वर्सांचं हाय, मानसिंगराव. तुमी ऱ्हावा. मी जातो म्हसवडला."

गेला. जिंकलो मी.

४ सप्टेंबर

पहाटे गिटार काढली. पेटी नाही, हंबीरराव नाहीत, कुणी नाही. एकच तार छेडली. डाव्या कानात बोट घातलं, उजव्यानं ऐकलं — बरोबर. बोट काढून उजव्या कानात घातलं, डाव्यानं ऐकलं — उतरलेली. पुन्हा केलं. वीस वेळा केलं. तार दोन्हीकडनं जखडलेली आहे, ती हलूच शकत नाही.

साडेसहाला विट्याची एसटी आहे, पुढं म्हसवडला दुसरी. दादासोला काय सांगायचं ते अजून सुचलेलं नाही.